फसलेल्या दरोड्याचे तीन जुने नॉयर: आधी कोणता पाहावा?

‘द ॲस्फाल्ट जंगल’ (१९५०), ‘रिफिफी’ (१९५५) आणि ‘द किलिंग’ (१९५६): तिन्ही नॉयर, म्हणजे काळोख्या, निराश सुराचे गुन्हेपट. तिन्हींत माल हाती लागतो, तरी कुणाचंच भलं होत नाही. म्हणून कोणती योजना जास्त हुशार, यापेक्षा ती कुठे फुटते हे पाहून निवड करावी.

जॉन ह्यूस्टनच्या ‘ॲस्फाल्ट जंगल’मध्ये ती पैशाच्या जागी फुटते. तुरुंगातून सुटलेल्या, दरोड्याची योजना आखणाऱ्या डॉकला भांडवल हवं असतं ५०,००० डॉलर: तिजोरी फोडणारा, गाडी चालवणारा आणि धाकदपटशासाठी एक दांडगा, यांचे पैसे आधी चुकते करायचे. चोरीचे दागिने खपवायला तयार झालेला वकील आतून कफल्लक असतो. प्रेक्षकाला हे लवकर कळतं, टोळीला उशिरा. दरोड्यात नायट्रोग्लिसरीनच्या धक्क्याने आजूबाजूचे अलार्म वाजू लागतात, पहारेकऱ्याचं पिस्तूल खाली पडून आपोआप सुटतं आणि तिजोरी फोडणाऱ्यालाच गोळी लागते. दरोडा थोडक्यात उरकतो. चित्रपट माणसांचा आहे. मर्लिन मन्रोसाठी पाहणार असाल, तर तिची भूमिका छोटी आहे.

दरोडाच पाहायचा असेल तर ‘रिफिफी’ला तोड नाही. ज्यूल्स दासँने पॅरिसमधल्या जवाहिऱ्याच्या दुकानावरचा दरोडा जवळपास अर्धा तास दाखवलाय, एकही संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही. वरच्या फ्लॅटमधून जमीन फोडायची. आधी छोटं भोक पाडून त्यातून मिटलेली छत्री खाली सोडायची आणि उघडायची, म्हणजे पुढचा राबिट खालच्या फरशीवर न आदळता छत्रीत साठतो. अलार्म बारीकशा हादऱ्यानेही वाजणारा, म्हणून तसाच दुसरा आणून आधी सराव करतात आणि प्रत्यक्षात त्यात अग्निशामकाचा फेस भरून त्याचं तोंड बंद करतात. इतकं नेमकं काम करणारी टोळी पुढे एका अंगठीपायी उघडी पडते: टोळीतला सेझार ती एका गायिकेला देऊन बसतो. सेझारचं काम दासँनेच केलंय. टोळीचा म्होरक्या टोनी जुन्या मैत्रिणीला पट्ट्याने मारतो तो प्रसंग मात्र आजही अंगावर येतो. घरच्यांसोबत बसण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

‘द किलिंग’ जेमतेम ८५ मिनिटांचा. स्टॅन्ली कुब्रिकने रेसकोर्सवरच्या २० लाख डॉलरच्या लुटीचा काळ तुकड्यांत मांडलाय: एकाचं काम दाखवायचं, मग घड्याळ मागे फिरवून दुसऱ्याचं. निवेदक वेळ सांगत राहतो, आणि शर्यत सुरू होतानाची तीच घोषणा पुन्हा ऐकू आली की आपण कुठे आहोत ते कळतं. फोन हातात घेऊन पाहिलात तर सुटेल. इथे योजना घरातच फुटते: टोळीत सामील असलेला तिकीट खिडकीवरचा कारकून बायकोला पटवायला फार बोलतो.

नव्याने पाहणाऱ्याने ‘ॲस्फाल्ट जंगल’पासून सुरुवात करून मग ‘द किलिंग’ घ्यावा. अभिनेता स्टर्लिंग हेडन दोन्हींत आहे, आधी दांडगा, नंतर सूत्रधार. एकच संध्याकाळ हाताशी असेल तर ‘रिफिफी’, इंग्रजी डबिंग टाळून फ्रेंचमध्येच, सबटायटल लावून.