बाल्टो की टोगो? नोमची गोष्ट वर्गात सांगण्याआधी

मुलांना पात्रे, स्थळ-काळ, संघर्ष, उत्कर्षबिंदू हे सगळं समजावून सांगायचंय आणि सोबत शब्दसंपत्तीही वाढवायचीय, तर स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी गाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांची १९२५ सालची खरी गोष्ट घ्या, असं मी पुण्यातल्या शिक्षक मैत्रिणींना नेहमी सांगते. त्यावर एक प्रश्न हमखास येतो: नायक कुणाला करायचं? त्यातल्या बाल्टो या कुत्र्याला की टोगो या कुत्र्याला? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे, कारण नायक बदलला की तासाला काय शिकवलं जाईल तेही बदलतं.

घटना दोन्हीकडे एकच. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नोम गावात त्या जानेवारीत घटसर्पाची साथ आली. डॉ. कर्टिस वेल्च यांच्याजवळचं औषध मुदत संपलेलं होतं. समुद्र गोठलेला, त्यामुळे बोट येणं शक्य नव्हतं. नवं औषध, म्हणजे घटसर्पावरचं सीरम, अँकरेज शहरातून रेल्वेने नेनाना गावापर्यंत आलं आणि तिथून पुढचं सुमारे १०८५ किलोमीटर अंतर कुत्र्यांच्या गाड्यांनी कापलं. २० चालक आणि दीडशेच्या आसपास कुत्रे होते. प्रत्येकाने आपला टप्पा पार करून डबा पुढच्याच्या हाती दिला. साडेपाच दिवसांत औषध पोहोचलं.

बाल्टोच्या वाट्याला आला शेवटचा, सुमारे ८५ किलोमीटरचा तुकडा. चालक गुन्नार कासेन याला हिमवादळात स्वतःच्या गाडीला जुंपलेले कुत्रेही दिसेनात. वाऱ्याने गाडी उलटवली, सीरमचा डबा बर्फात पडला आणि कासेनने तो उघड्या हातांनी चाचपून शोधला. २ फेब्रुवारीच्या पहाटे गाडी नोममध्ये शिरली. सांगणाऱ्याला हे सोन्यासारखं आहे. सुरुवात, अडचण, उत्कर्षबिंदू आणि शेवट असे चार रकाने फळ्यावर आखा, तिसरीतली मुलंही ते भरतात. ३५ मिनिटांच्या तासात सगळं बसतं.

उणीव आहे ती पात्राच्या बाबतीत. बाल्टोचं आपल्याला ठळकपणे माहीत असतं ते त्या एका रात्रीचं. ‘बाल्टो कसा होता?’ असं विचारलं की वर्ग एका सुरात ‘शूर’ म्हणतो आणि चर्चा तिथेच थांबते. विशेषण मिळतं, पण स्वभाव हाती लागत नाही.

टोगोकडे नेमका तो स्वभाव आहे, म्हणून माझा कल त्याच्याकडे आहे. पिल्लू असताना तो अशक्त आणि खोडकर होता. मालक लिओनहार्ड सेपाला याने तो दुसऱ्याला देऊन टाकला, तर पठ्ठ्या खिडकीच्या काचेतून उडी मारून परत आला. बांधून ठेवलं तरी सुटून गाडीमागे धावायचा. शेवटी सेपालाने त्याला जुंपून पाहिलं आणि तो पहिल्याच दिवशी पुढे सरकत सरकत अग्रभागी पोहोचला. हे सांगितल्यावर ‘टोगो कसा होता?’ विचारा. हट्टी, चिवट, मायाळू, अशी उत्तरं येतात आणि प्रत्येक उत्तरामागे मुलाला एक प्रसंग दाखवता येतो. पात्रचित्रण शिकवायचं ते हेच.

१९२५ मध्ये टोगो १२ वर्षांचा, म्हणजे कुत्र्याच्या मानाने म्हातारा होता. सेपाला नोमहून सीरम आणायला उलट दिशेने निघाला होता. मधल्या काळात योजना बदलली, जास्त चालक नेमले गेले. त्याला कळवायला मार्गच नव्हता. वाटेत हेन्री इव्हानॉफ हा दुसरा चालक सीरम घेऊन उभा, त्याचे कुत्रे रेनडिअरच्या मागे लागून गुंतलेले, आणि सेपाला जवळून पुढे निघून चाललेला! इव्हानॉफने हाका मारून त्याला थांबवलं. इथे गोष्ट अर्ध्यावर सोडा आणि पुढे काय होईल ते वह्यांत लिहायला लावा. त्यानंतर येतो नॉर्टन साउंड, समुद्राचं गोठलेलं आखात, ज्याचा बर्फ कधीही तडकू शकत होता. सीरम घेऊन टोगोच्या चमूने सुमारे १४६ किलोमीटर कापले, जवळजवळ पुणे ते मुंबई. नोमहून निघाल्यापासूनचा प्रवास धरला तर ४२० किलोमीटर. नोममध्ये सेपालाची आठ वर्षांची मुलगी होती, हे आधी सांगून ठेवलंत तर संघर्ष मुलांना वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

अडचणही आहे. उत्कर्षबिंदू मध्येच येतो आणि शेवटाला टोगो हजर नसतो. लहान मुलं गोंधळतात. तीन-चार तास लागतात आणि वाटेतले चालक लक्षात ठेवायला नकाशा हवाच.

शब्दांचंही असंच आहे. बाल्टोच्या टप्प्यात दिसणारे, अंगाला जाणवणारे शब्द जास्त: हिमवादळ, उलटणे, चाचपणे, बधिर, पहाट. टोगोच्या टप्प्यात क्रिया आणि नाती जास्त: जुंपणे, गुंतणे, तडा जाणे, ओलांडणे, भरवसा. ‘जुंपणे’ शहरी मुलांना अवघड जाईल असं वाटतं, पण आषाढी वारीत माउलींचा रथ दिवे घाट चढताना जादा बैलजोड्या जुंपतात हे त्यांनी टीव्हीवर तरी पाहिलेलं असतं. एवढी आठवण दिली की अनेक जनावरं एका ओढीत का लावतात ते कळतं. एका तासाला सहा-सातपेक्षा जास्त नवे शब्द घेऊ नका, आणि ते आधी यादी करून नव्हे, प्रसंगातच येऊ द्या.

घटसर्प मात्र दोन्ही वेळी आधीच सांगून टाकावा. घशात पडदा धरतो, श्वास अडतो, नोममध्ये काही मुलं दगावली, हे सौम्य पण खरं सांगा. लगेच हेही सांगा की आपल्या लहानपणीच्या लशींत घटसर्पाची लस असते. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचं नाव पुण्यातल्या मुलांच्या कानावर असतंच. घटसर्पाचं सीरम तेव्हा घोड्यांच्या रक्तापासून बनवत, हे ऐकलं की हात वर व्हायला लागतात.

तिसरा मार्ग म्हणजे कुणा एकाला नायक न करता सगळी साखळी सांगणं. यात निवेदक आणि दृष्टिकोन शिकवता येतो: प्रत्येक गटाने एक टप्पा घ्यायचा आणि ‘मी’ म्हणून सांगायचा. चालकांपैकी बरेच अलास्कातले मूळ रहिवासी होते. नायक एकच ठेवला की त्यांची नावं गोष्टीतून गळतात, आणि ते मला फार खटकतं. पण पात्रं इतकी होतात की सहावीच्या खाली हे पेलत नाही.

तर तिसरी-चौथी असेल किंवा हाताशी एकच तास असेल, तर बाल्टो घ्या. पाचवीला आठवडाभर देता येत असेल तर टोगोच. सहावी-सातवीला दोन्ही शेजारी ठेवा आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या पुतळ्याचं चित्र दाखवा. डिसेंबर १९२५ मध्ये बसवलेला तो पुतळा बाल्टोचा आहे. त्यावर कोरलेल्या शब्दांचा अर्थ चिकाटी, निष्ठा आणि बुद्धी. भाववाचक नामांचा पाठ तिथेच होतो. मग या तीनपैकी कोणता गुण गोष्टीतल्या कोणत्या प्रसंगात, कोणाच्या वागण्यात दिसला, ते पुराव्यासकट लिहायला सांगा. चालकांनाही उत्तरात धरायची मुभा द्या.