मेडिसिन विभागाला पाच तारे, बिलिंग काउंटरला दोन

मी सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. हॉस्पिटलचं बिल हातात आलं की मी ते पहिल्या ओळीपासून वाचायला घेते, सवयच आहे. त्यामुळे हा अनुभवही बराचसा बिलाच्या ओळींवरूनच लिहितेय. पेशंट माझे सासरे, अण्णा. पासष्टी ओलांडलेली, दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग. हॉस्पिटल नाशिक शहरातलं, खासगी, मल्टिस्पेशालिटी. नाव मुद्दाम लिहीत नाही. बिलिंगच्या ज्या तक्रारी पुढे आहेत त्या काही त्या एकाच हॉस्पिटलच्या नाहीत, आणि डॉक्टरांना न विचारता त्यांचं नाव टाकणं मला बरं दिसत नाही.

आधीचं थोडक्यात. गोडी छाटणीच्या सुमारास अण्णांना थकवा सुरू झाला. जेवण जाईना, वजन उतरलं, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावलं की दोन-चार दिवस माणूस टवटवीत, बागेत चक्कर मारून यायचे. मग पुन्हा तेच. अशक्तपणा, अ‍ॅसिडिटी, वयोमान, एके ठिकाणी चक्क ‘टेन्शन’, अशी निदानं फाइलला लागत गेली. एंडोस्कोपी नॉर्मल. शहरातल्या दुसऱ्या एका ठिकाणी सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांच्या वर गाठी दिसल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्यांची चिठ्ठी दिली. “टीबीच असणार, सुरू करून बघू.” त्या गोळ्या पोटात जायच्या आधीच अण्णा न्हाणीघरात कोसळले आणि आम्ही इथे आलो.

कॅज्युअल्टीत बीपी 80 वर 50. सोडियम 116, जे 135 ते 145 असायला हवं. पोटॅशियम 5.8, म्हणजे जास्त. साखर कमी. मेडिसिनच्या मॅडम आल्या आणि त्यांनी आमची जाडजूड फाइल बाजूला ठेवून आधी अण्णांचा हात हातात घेतला. तळहाताच्या रेषा काळ्या पडल्या होत्या. मग तोंड उघडायला सांगून टॉर्चने हिरड्या बघितल्या. तिथे शाई सांडल्यासारखे डाग.

“अण्णा, रंग कधीपासून बदलला?”

“बागेत असतो ना मॅडम. ऊनच तेवढं.”

“ऊन हिरड्यांना कसं लागलं?”

अण्णांना अशाही अवस्थेत हसू आलं. पुढचा प्रश्न सासूबाईंना होता: खारट फार खातात का? त्या म्हणाल्या, “लोणच्याचा खार वाटीत घेऊन पितात, मी बरणी लपवून ठेवते.” मॅडमनी रेसिडेंटकडे बघून एवढंच म्हटलं, “कॉर्टिसोलचं रक्त काढ, आणि काढून झालं की लगेच हायड्रोकॉर्टिसोन शंभर.”

रिपोर्टसाठी थांबायचं नाही, हे त्यातलं महत्त्वाचं. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड म्हणजे औषध म्हणून दिलेलं कॉर्टिसोलच. मूत्रपिंडांवर अधिवृक्क नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांनी कॉर्टिसोल आणि इतर हार्मोन बनवणं बंद केलं की शरीरातलं मीठ लघवीवाटे निघून जातं, पोटॅशियम साठतं, बीपी पडतं. याला अ‍ॅडिसन्स डिसीज म्हणतात. लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 साली तो पहिल्यांदा नीट लिहून ठेवला. युरोपात दहा लाखांत शंभर-सव्वाशे लोकांना असतो, त्यामुळे गावातल्या डॉक्टरांना चटकन सुचला नाही याचा मला राग नाही. पण सलाईनने बरं का वाटायचं तेही इथेच कळलं. सलाईन म्हणजे मिठाचं पाणीच, नेमकं जे कमी होतं तेच शिरेतून मिळत होतं. काळेपणाचं कारण असं की ग्रंथी काम करेनात म्हणून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एसीटीएच हे हार्मोन भरमसाट सुटतं, आणि तेच कातडीतला रंग वाढवतं.

कॉर्टिसोल दुसऱ्या दिवशी आलं, 1.4. माणूस एवढा गंभीर असताना ते उलट वाढलेलं असायला हवं. रिपोर्ट येईपर्यंत अण्णा उठून बसले होते आणि चहा मागत होते.

आता बिल. आयसीयूच्या पहिल्या पानावर ‘सीरम सोडियम’ ही ओळ इतक्या वेळा होती की मी पेन घेऊन गोल करत बसले. दुसऱ्या दिवशी राउंडला मॅडमना विचारलं, जरा तिखटपणेच. त्यांनी बिलाचा कागद माझ्या हातातून घेतला, उलटा केला आणि मागे आलेख काढून दाखवला. फार दिवस खाली राहिलेलं सोडियम झपाट्याने वर नेलं तर मेंदूतल्या नसांची आवरणं खराब होतात, माणूस कायमचा लुळा पडू शकतो. चोवीस तासांत 8 ते 10 अंकांपेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही. हायड्रोकॉर्टिसोन दिलं की साठलेलं पाणी भराभर लघवीतून जातं आणि सोडियम आपोआप उसळतं, म्हणून दर काही तासांनी तपासायचं. त्या ओळी मी बिनतक्रार मान्य केल्या.

दुसरी ओळ ‘मेटानेफ्रिन’. महाग तपासणी. तपासणीसाठी तुकडा काढायला गाठीला सुई लावायच्या आधी ती रक्तदाब उसळवणारी वेगळी गाठ, म्हणजे फिओक्रोमोसायटोमा, नाही ना याची खात्री करावी लागते. तशा गाठीला सुई लागली तर टेबलावरच बीपी जिवावर बेतेल इतकं चढू शकतं. अण्णांचं बीपी पडलेलं असताना ही शक्यता कमी, हे त्यांनीच सांगितलं. तरी त्या म्हणाल्या, “सुई लावणार आहोत तर हे सोडणार नाही.” ठीक आहे, मलाही ताळा जुळल्याशिवाय झोप येत नाही.

टीबीच्या गोळ्यांबद्दल मात्र मॅडम गंभीर झाल्या. त्यातलं रिफाम्पिसिन शरीरातलं कॉर्टिसोल भराभर संपवतं. ज्याच्याकडे ते मुळातच तळाला गेलंय त्याला स्टेरॉइड सुरू न करता ही गोळी दिली तर तो कोसळतो. आणि टीबी आहे हे अजून कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. आपल्याकडे या ग्रंथी टीबीने जातात हे खरं, पण दोन्हीकडे अशीच गाठ करणारी एक बुरशीही आहे. म्हणून बायोप्सी आधी, गोळ्या नंतर. अण्णांच्या धाकट्या भावाला हे पटेना. “एवढा वेळ कशाला घालवताय, गोळ्या चालू करा.” मॅडमनी त्यांना बसवून तेच सगळं पुन्हा सांगितलं, घड्याळाकडे न बघता.

एक छोटी गोष्ट लिहायलाच हवी. एचआयव्हीची तपासणी करायची होती. रेसिडेंटने आम्हा सगळ्यांना बाहेर पाठवून अण्णांना एकट्याला विचारलं, सही घेतली, आणि निगेटिव्ह रिपोर्टही आधी त्यांनाच सांगितला. कायद्याने हे असंच करायला हवं. तरी बऱ्याच ठिकाणी कॉरिडॉरमध्ये ओरडून सांगतात, हे मी ऐकून आहे.

सीटीवर बघत सुईने तुकडे काढले. मॅडमनी फॉर्मवर लाल पेनाने लिहिलं होतं: एक बाटली फॉर्मलिनमध्ये, एक नुसत्या सलाईनमध्ये. मी विचारलं, दोन कशाला? फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, जमत नाही आणि जीनएक्सपर्ट ही जनुकांवरून टीबी शोधणारी तपासणीही नीट होत नाही. ऑपरेशन थिएटरमधून बऱ्याचदा सगळा माल फॉर्मलिनमध्ये पडून येतो आणि पुन्हा सुई लावायची वेळ येते. माझा नवरा दोन्ही बाटल्या लॅबपर्यंत पोचवायला वॉर्डबॉयच्या मागोमाग गेला. जरा अतीच झालं, पण मी अडवलं नाही.

जीनएक्सपर्ट निगेटिव्ह. पॅथॉलॉजीत हिस्टोप्लाझ्मा निघाला, म्हणजे बुरशी. ती पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेने भरलेल्या मातीत वाढते आणि श्वासातून आत जाते. मॅडमनी लगेच विचारलं, “बागेत कोंबडीखत टाकता का?” दिंडोरीत कोण टाकत नाही? शिवाय आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर वटवाघळं आहेत. नेमकं कुठून आलं ते सांगता येणार नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. आता खत पसरताना तोंडाला रुमाल नाही, चांगला मास्क लागतो.

उपचार: आधी बुरशीवरचं इंजेक्शन, लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन. 2021 च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिससाठी लोक ज्या इंजेक्शनमागे वणवण फिरत होते, तेच हे. त्याने मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमवर लक्ष. मग त्याच बुरशीवर इट्राकोनाझोल, किमान वर्षभर. ही कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची आणि पोटात आम्ल हवं, नाहीतर शोषली जात नाही. आपल्याकडे तर दाखल झालेल्या प्रत्येकाला सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची गोळी ठरलेली. मॅडमनी ती स्वतः खोडली आणि सिस्टरला कारण सांगितलं. ग्रंथी बहुधा परत काम करणार नाहीत, त्यामुळे हायड्रोकॉर्टिसोन आणि अंगात मीठ धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन आयुष्यभर.

इथवर पाच तारे. आता बाकीचं.

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी घरी जा म्हणाले आणि टीपीएची (विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीची) मंजुरी येईपर्यंत अंधार पडला. बिलात एकाच व्हिजिटची फी दोन विभागांच्या नावे लागली होती. दाखवल्यावर काढली, पण “सिस्टीमने घेतलं” या उत्तराशिवाय काही नाही. मीही रोज सिस्टीमवरच काम करते. सिस्टीम स्वतःहून काही घेत नाही.

त्याहून वाईट म्हणजे डिस्चार्ज समरी. शेवटच्या पानावर आहाराचा छापील सल्ला: ‘मीठ कमी खावे.’ ज्या माणसाचं मीठ अंगातून वाहून जातं म्हणून तो आयसीयूत आला, त्याला! साठीच्या पुढच्या प्रत्येक पेशंटला तेच पान जोडतात, असं काउंटरवर कळलं. मी पान बदलून घेतलं. रेसिडेंट बिचारा खजील झाला, चूक त्याची नव्हती. जे लोक समरी न वाचता फाइलला लावतात त्यांचं काय, हा प्रश्न मी लेखी तक्रारीत विचारला आहे. उत्तर अजून नाही.

कँटीनमध्ये पोहे कोरडे, चहा बरा. पार्किंगचा विचार करू नका, रिक्षाने जा.

जाताना मॅडमनी मराठीत एक कार्ड लिहून दिलं: ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट-तिप्पट, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन घेऊन ताबडतोब दवाखाना, गोळी एक दिवसही बंद नाही. सिस्टरने माझ्या नवऱ्याकडून मांडीत सुई द्यायचा सराव करून घेतला. इंजेक्शनची बाटली आता गावच्या घरी आहे, कार्डाची झेरॉक्स अण्णांच्या बंडीच्या खिशात. फ्लुड्रोकॉर्टिसोन दिंडोरीत मिळालं नाही, नाशिकमध्येही प्रत्येक मेडिकलवर नसतं. पुढच्या महिन्याचं आधीच सांगून ठेवावं लागतं.

पुन्हा वेळ आली तर मेडिसिनला तिथेच जाईन. डिस्चार्जच्या दिवशी मात्र सकाळीच काउंटरवर जाऊन बसेन, आणि समरीचं शेवटचं पान वाचून झाल्याशिवाय कार्ड स्वाइप करणार नाही.