पाच फोन, एक कॅलेंडर: दहा महिने वापरल्यानंतर

एप्रिलमधल्या एका शनिवारी बापू सकाळी साडेसहालाच आवरून ओसरीवर बसले होते. पिशवीत फाईल, चादर, डब्यात दोन चपात्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा त्यांचं डायलिसिस असतं, लातूरला. त्या शनिवारची पाळी पुण्याहून येणाऱ्या दादाची होती. सात वाजले, साडेसात वाजले. "दादा येऊलालाय का नाही गं?" म्हणून मला फोन आला. मी मोबाइलवर कॅलेंडर उघडलं. शनिवारच्या चौकटीत ठळक लिहिलेलं होतं: बापू दवाखाना, दादा. मी म्हटलं, निघालाय, रस्त्यात असेल.

तो पुण्यातच होता. कंपनीत काम निघालं होतं आणि बुधवारीच त्यानं आपल्या फोनवर "शनिवारी जमत नाही, धाकट्यानं न्यावं" अशी नोंद करून ठेवली होती. त्याला ती दिसत होती. आम्हा बाकी चौघांच्या फोनवर तिचा पत्ता नव्हता. धाकटा हरभरा घेऊन मोंढ्यावर गेलेला. शेवटी शेजारच्यांच्या जीपमधून बापू निघाले, पोचायला साडेदहा झाले, तोवर मशीन दुसऱ्या पेशंटला लागलेलं. चार तासांचं डायलिसिस उरकून ते गावी परतले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती.

सामायिक कॅलेंडर सुरू करून आम्हाला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. पुढे दहा महिने तेच वापरलं, आजही वापरतो, आणि आता त्याच्यावाचून आमचं घर चालणार नाही असं मी मनापासून सांगते. पण तो शनिवार आधी सांगायला हवा, कारण कॅलेंडर निवडताना जो तो "सिंक होतं का?" म्हणजे एका फोनवरची नोंद दुसऱ्या फोनवर आपोआप उमटते का, एवढंच विचारतो. सिंक सगळीकडे होतं. नोंद नेमक्या कुठल्या कॅलेंडरात पडतेय, हे बघायचं राहून जातं.

आमचं घर असं आहे: माय, बापू आणि धाकटा भाऊ औसा तालुक्यात गावी, मी लातूरला, आक्का नांदेडला, दादा-वहिनी पुण्यात. दादाकडे आयफोन, बाकी सगळे अँड्रॉइड, त्यातला धाकट्याचा फोन चार वर्षं जुना. मायकडे साधा बटणांचा फोन. आधी सगळा कारभार व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर चालायचा. "गुरुवारी मी नेते" असा मेसेज टाकला की त्यावर दोन तासांत वाढदिवसाचे केक आणि सुप्रभातचे फोटो येऊन पडायचे, आणि गुरुवार उजाडला की पुन्हा पहिल्यापासून विचारणा.

सुरुवातीला खास कुटुंबांसाठी बनवलेलं एक अॅप घेतलं होतं. दिसायला देखणं, प्रत्येक नोंदीखाली आपसांत बोलायची सोय. पण प्रत्येकाला नवीन खातं उघडावं लागलं, धाकटा पासवर्ड विसरला, मध्येच जाहिराती येत होत्या, आणि आठव्या दिवशी ते उघडणारी मी एकटीच उरले. मग गूगल कॅलेंडरवर आलो. कारण साधं होतं. चार अँड्रॉइड फोनांत जीमेल आधीपासून होतं, आयफोनवर ते चालतं, पैसे लागत नाहीत, आणि २००६ पासून ते टिकून आहे.

मांडणी करताना एक गोष्ट बरी केली. माझ्या स्वतःच्या जीमेलवर कॅलेंडर न बनवता घराच्या नावानं नवीन खातं काढलं आणि त्यात "घर" नावाचं कॅलेंडर तयार केलं. मग संगणकावर ब्राउझरमधून, कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जाऊन, एकेकाला जोडलं. परवानगी चार पायऱ्यांची असते: फक्त मोकळा की व्यस्त एवढंच दिसणं, सगळा तपशील दिसणं, नोंदीत बदल करता येणं, आणि बदलासोबत इतरांनाही जोडता येणं. भावंडांना तिसरी पायरी दिली, पुतण्याला फक्त बघायची. आक्काला मुद्दाम चौथी दिली. उद्या माझा फोन हरवला किंवा मीच आजारी पडले तर सगळ्या चाव्या एकाच कनवटीला नकोत.

आता त्या शनिवारकडे परत येते. दादानं आयफोनच्या सेटिंगमध्ये गूगल खातं जोडलं होतं, त्यामुळे आमच्या नोंदी त्याला आयफोनच्याच कॅलेंडरमध्ये दिसत होत्या. पण नवीन नोंद आपोआप कुठं जावी, म्हणजे डीफॉल्ट कॅलेंडर कोणतं, तिथं आयक्लाउडचं, म्हणजे अॅपलच्या स्वतःच्या ऑनलाइन साठ्याचं, नाव होतं. त्यानं लिहिलेली ओळ आयक्लाउडमध्ये गेली आणि तिथंच राहिली. पडद्यावर दोन्ही कॅलेंडरं एकावर एक मांडून दिसतात, म्हणून त्याला वाटलं सगळ्यांना दिसतंय. चूक त्याची म्हणता येत नाही. मी जोडून देताना हे तपासायला हवं होतं. त्याच रात्री व्हिडिओ कॉलवर बसून डीफॉल्ट बदललं. आयफोनवाल्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. कुणी शेअर केलेलं कॅलेंडर आयफोनच्या कॅलेंडरमध्ये दिसलं नाही, तर गूगलच्या "सिंक सिलेक्ट" पानावर जाऊन त्या नावापुढं खूण करावी लागते. आणि त्या कॅलेंडरमध्ये गूगलच्या नोंदी ठरावीक वेळानं ओढून आणल्या जातात, पंधरा मिनिटं, अर्धा तास, तास अशी ती वेळ निवडता येते. दादानं शेवटी गूगल कॅलेंडरचं स्वतःचं अॅपच टाकून घेतलं, तेव्हापासून त्याच्याकडची तक्रार थांबली.

अँड्रॉइडवालेही यातून सुटलेले नाहीत. नवीन नोंद करताना वर कॅलेंडराचं नाव असतं, तिथं आपलं खासगी खातं असेल तर नोंद खासगीच होते. म्हणून आम्ही रंग ठरवला. "घर" गडद हिरवं. नोंद हिरवी दिसली तर सगळ्यांना गेली, दुसऱ्या रंगात दिसली तर उघडून कॅलेंडर बदलायचं. हा रंगाचा नियम आक्कानं काढला, आणि दहा महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट मला विचाराल तर हीच.

दुसरी अडचण आठवणीची घंटी. मी नोंदीला "एक दिवस आधी" अशी सूचना लावत होते आणि समजत होते की पाचही फोन वाजतील. वाजायचा माझाच. गूगलमध्ये सूचना ज्याची त्याला असते. मी लावलेली मला, दुसऱ्याला त्याच्या सेटिंगप्रमाणे. हे कळायला मला दीड महिना लागला, तोही धाकटा "मला काही वाजलंच नाही" म्हणाला तेव्हा. मग रविवारी गावी जाऊन त्याच्या फोनमध्ये "घर" कॅलेंडरची सूचना लावली: आदल्या दिवशी संध्याकाळी आणि दोन तास आधी. त्याच वेळी दिसलं की त्याच्या फोनमध्ये ऑटो-सिंक बंद होतं आणि बॅटरी वाचवायच्या सोयीनं अॅपला मागच्या मागं चालायची मनाई होती. जुने फोन असलेल्या घरात कॅलेंडर "चालत नाही" म्हणतात, तेव्हा आधी या दोन जागा बघाव्यात. माझ्या माहितीतल्या तीन घरांत खोट तिथंच निघाली.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदी हा या कॅलेंडरचा खरा जीव आहे आणि खरी जोखीमही. मंगळवार-गुरुवार-शनिवार असं एकदा लावलं की वर्षभर मांडून मिळतं. दिवाळीत लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, मंगळवारी आलं. दवाखान्यानं त्या आठवड्यापुरतं सोमवारी बोलावलं. आक्कानं मोबाइलवर मंगळवारचा सोमवार केला. बदल जतन करताना तीन पर्याय येतात: फक्त हा इव्हेंट, हा आणि यापुढचे, किंवा सर्व. घाईत तिचं बोट "सर्व"वर पडलं. मागचे-पुढचे सगळे मंगळवार सोमवारात जाऊन बसले. मला दिवाळीनंतरच्या सोमवारी बापूंचं नाव दिसलं म्हणून लक्षात आलं, नाहीतर पुढचा एक दिवस हुकला असता, आणि डायलिसिसचा दिवस हुकणं म्हणजे अंगावर सूज, धाप, रात्रभर बसून काढणं. तेव्हापासून नियम केलाय: डायलिसिसच्या नोंदीत कायमचा बदल फक्त मी करायचा, बाकीच्यांनी "हा इव्हेंट"च निवडायचा. एखादी नोंद चुकून पुसली गेली, तर संगणकावर कचरापेटीत ती तीस दिवस राहते. वहिनींच्या लेकरानं एकदा खेळता खेळता एक गुरुवार उडवला होता, तो तिथूनच परत आणला.

नोंदीच्या खाली वर्णनाच्या जागेत आम्ही डायलिसिसच्या आधीचं आणि नंतरचं वजन लिहितो. जो कुणी सोबत गेला त्यानं तिथंच टाकायचं. डॉक्टरांनी गेल्या महिन्याभराचं वजन विचारलं की फाईल चाळावी लागत नाही. याहून जास्त तब्येतीचं काही तिथं लिहीत नाही, ऑनलाइन जागा आहे, याचं भान ठेवते.

सप्टेंबरच्या अतिवृष्टीत या कॅलेंडरची हद्द कळली. पाऊस थांबेना म्हणून शुक्रवारीच बापूंना लातूरला माझ्याकडे आणलं, आणि मागोमाग तेरणेच्या पुलावरून पाणी गेलं, गावाची लाईट गेली, टॉवर बंद पडला. कॅलेंडरमध्ये मी "बापू माझ्याकडे, गाडी नको" असं लिहिलं. दादाला, आक्काला लगेच दिसलं. धाकट्याचा फोन मात्र जुनीच नोंद दाखवत होता, कारण रेंज नसताना अॅप शेवटी जे उतरवून घेतलेलं असतं तेच दाखवतं. त्यानं बिचाऱ्यानं तिकडे "शनिवारी ट्रॅक्टरनं मोठ्या रस्त्यापर्यंत आणतो" असं लिहून ठेवलं होतं, ते आमच्याकडे रेंज आल्यावर, दोन दिवसांनी उमटलं. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अशा वेळी फोन लागेपर्यंत फोनच करत राहायचा, नोंदीवर विसंबायचं नाही.

शेतीसाठी "रान" नावाचं वेगळं कॅलेंडर केलंय. आमच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीला, थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते, ते त्यात आहे. पेरणी, कोळपणी, फवारणीच्या तारखाही धाकटा त्यातच टाकतो. त्याला आवडलंय. दादानं आपल्याकडे ते लपवून ठेवलंय, तसं करता येतं.

मायचा प्रश्न फोननं सुटत नव्हता. तिचं कॅलेंडर भिंतीवरचं, तारखेच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहायचं. मग मी दर महिन्याच्या शेवटी संगणकावरून पुढच्या महिन्याचं पान आडवं छापून आणते, झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात. ते भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला अडकवलंय. सकाळी बापूंची गाडी गेली की माय लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करते. छापल्यानंतर काही बदललं तर धाकट्यानं पेनानं दुरुस्त करायचं. ओसरीवर बसून वाट बघायची पाळी बापूंवर एप्रिलनंतर आली नाही, त्यात या कागदाचा वाटा मोठा आहे.

एका ठिकाणी हे कॅलेंडर आपल्याला पुरं पडत नाही, ते म्हणजे तिथी. आजीचं वर्षश्राद्ध, येळवस (मार्गशीर्ष अमावस्येचा रानातला सण), गावची जत्रा, सगळं तिथीवर. "दर वर्षी" अशी पुनरावृत्ती लावली की ती इंग्रजी तारखेला चिकटते. येळवस २०२४ मध्ये दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. मग २०२५ मध्ये १९ डिसेंबरला. मी २०२४ ची तारीख धरून "दर वर्षी" लावून बसले असते तर ज्वारीत आंबील घेऊन चुकीच्या दिवशी उभे राहिलो असतो. भारतीय राष्ट्रीय शक दिनदर्शिकेचाही इथं उपयोग नाही. ती सौर आहे, तिचा चैत्र २२ मार्चला, लीप वर्षात २१ ला लागतो, गुढीपाडव्याशी त्याचा संबंध नसतो.

म्हणून तिथीच्या नोंदी आम्ही हातानं, पुनरावृत्ती न लावता, वर्षाला एकदा टाकतो. यंदा येळवशीला सगळे रानात जमलो होतो, त्याच रात्री बसलो. आक्का नवीन भिंतीवरच्या कॅलेंडरातून तिथी वाचत होती, मी मोबाइलवर तारखा भरत होते. श्राद्ध झालं, जत्रा झाली. येळवस सापडेना. आक्कानं २०२६ च्या डिसेंबरचं पान दोनदा उलटून पाहिलं, मार्गशीर्ष अमावस्या त्यात नव्हतीच. खाटेवरून बापू म्हणाले, "फुडल्या साली धोंड्याचा महिना हाय, येळवस जानेवारीत जाती." ज्येष्ठ अधिक आहे, पान उघडून बघितलं तर खरंच. मी डिसेंबरची चौकट मोकळी सोडली आणि ३१ तारखेला हिरव्या रंगात नोंद टाकली: नवीन कॅलेंडर आणणे, येळवस बघणे. चौघांच्या फोनवर ती त्याच मिनिटाला उमटली, आणि बापूंनी ती धाकट्याच्या फोनवर वाचून घेतली.