सोळा हजारांचं किट आणि तीस रुपयांची क्लिप

घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या सिग्नलला इंजिनाचा पिवळा दिवा लागला. ओबीडी रीडर (गाडीचे बिघाड-कोड वाचणारा) लावला, कोड आला पी०१७१. मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. आता गंमत बघा. गेल्या दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत माझ्या गाडीत पीव्हीसी पाइपचा घरगुती इनटेक (इंजिनात हवा नेणारी नळी) होता, त्याने हा दिवा कधी लावला नाही. लावला तो तुर्भ्याच्या एका दुकानातून सोळा हजार मोजून, पक्कं बिल घेऊन बसवलेल्या तयार इनटेक किटने. तेव्हा पुढचं सगळं जरा चिडून लिहिलंय, हे धरून चला.

गाडी दीड लिटरची पेट्रोल सेडान, टर्बो नाही, मॅफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) एअर बॉक्सच्या, म्हणजे हवेच्या फिल्टरच्या डब्याच्या, झाकणाच्या नळीत. मॉडेल मुद्दाम सांगत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्या कंपनीवरच होते. कोल्ड एअर इनटेक म्हणजे इंजिनाला बोनेटखालच्या गरम हवेऐवजी बाहेरची गार हवा पाजणारी नळी आणि फिल्टर. हिशोब असा. आत जाणारी हवा ४० अंशांवरून ३० वर आणली तर ती साधारण ३ टक्के घट्ट होते. १२० पीएसच्या इंजिनात हे झाले फार तर तीन-चार पीएस, तेही पाय पूर्ण दाबल्यावर. ठाण्यात पाय पूर्ण दाबायला रात्री अकरानंतरच मिळतो. शिवाय कंपनीचा एअर बॉक्सही हवा ग्रिलच्या मागूनच घेतो, म्हणजे तोही एका अर्थाने कोल्ड एअरच. त्याची नळी काढून बोनेटखाली उघडा कोन फिल्टर लटकवला तर इंजिन उलट गरम हवा पितं. मायलेज वाढेल म्हणून कोणी हे करत असेल तर त्याने पैसे वाचवावेत. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली तपासलं होतं: आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत फिल्टर तुंबला तरी मायलेज पडत नाही, फक्त पिकअप मंदावतो. हवा मोजून पेट्रोल सोडायचं काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, करतच असतो.

मग करायचं कशाला? आवाजासाठी. खोटं कशाला बोला.

घरगुती इनटेक असा होता. प्लंबिंगच्या दुकानातून ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप आणि बेंड. कुर्ल्याला सीएसटी रोडवरून त्याच मॉडेलच्या एअर बॉक्सचं भंगारातलं झाकण आणलं आणि त्याची सेन्सर बसणारी नळी करवतीने कापून घेतली. सगळ्या जुगाडात शहाणपणाचं काम हे एवढंच, का ते पुढे येईल. कोन फिल्टर साधा, आतल्या गरम हवेपासून आडोसा म्हणून वागळे इस्टेटमधल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून घेतला. कापलेल्या प्रत्येक कडेवरून पॉलिश पेपर फिरवला, कारण फिल्टरच्या पुढे राहिलेला प्लास्टिकचा कीस थेट इंजिनात जातो. सगळं मिळून चार हजारांच्या आसपास. त्यात जोड आवळायच्या क्लिपा मात्र चांगल्यातल्या घेतल्या होत्या, हे लक्षात ठेवा.

ओबीडीच्या ॲपवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान दिसतं, ते मी नवीन बाळाच्या तापासारखं बघत बसायचो. गाडी सुटलेली असली की बाहेरपेक्षा चार-पाच अंश जास्त. माजिवड्याला तुंबलो की साठीच्या पार. पत्रा असला तरी उभ्या गाडीत सगळं बोनेटच तापतं, तिथे घरगुती काय आणि दुकानातलं काय.

पीव्हीसीने मार खाल्ला तो मार्चमध्ये. साधं पीव्हीसी साठ अंशांच्या पुढे नरम पडायला लागतं. रेडिएटरच्या वरच्या होजजवळचा बेंड एक दिवस बोटाने दाबून पाहिला तर दबला, आणि गोल होता तो अंडाकृती झाला होता. सीपीव्हीसी लावलं असतं तर नव्वदीपर्यंत टिकलं असतं. पण तोवर घरातून ‘बोनेटखाली बाथरूम कशाला केलंय’ हे ऐकून कंटाळलो होतो. म्हणून किट.

किटची स्तुती आधी करून टाकतो. ॲल्युमिनियमचा पाइप एकाच सफाईदार वळणात, वळणावर कुठे चेपलेला नाही. सिलिकॉनचे जोड जाड. आडोशाच्या पत्र्याला वरून रबराची पट्टी, ती बोनेट लावल्यावर बरोबर टेकते. एकही भोक पाडावं लागलं नाही. आणि आवाज! साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे काच खाली करून कोपरी पुलाखालून जा, एवढंच सांगतो. पैसे तिथेच वसूल झाल्यासारखे वाटले.

आता क्लिप. दिवा लागल्यावर बोनेट उघडलं तर थ्रॉटलकडच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेकडच्या) जोडाची क्लिप हाताने फिरत होती. नीट पाहिलं. पट्टी चकचकीत, स्टीलची. पण जिने ती आवळायची त्या स्क्रूच्या डोक्यावर तांबडा गंज, आणि खाचेत पेचकस घातला की खाच झिजून पेचकस गरकन फिरतो. वर जाऊन फ्रिजवरचा लोहचुंबक काढून आणला. पट्टीला तो चिकटेना, स्क्रूला टपकन चिकटला. म्हणजे पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साधा लोखंडी, वरून नुसता मुलामा. खाडीकाठच्या हवेत आणि ठाण्याच्या जून-जुलैमध्ये तो किती टिकणार? शिवाय पट्टीला आरपार चिरा पाडलेल्या, त्यातून सिलिकॉन फुगून बाहेर आलेलं आणि कडेला कापलं गेलेलं. सिलिकॉनला आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप लागते किंवा टी-बोल्टवाली, हे नळदुरुस्तीवालाही सांगेल. अशा स्क्रूने आवळायच्या जुबिली क्लिपचं पेटंट १९२१ सालचं. शंभर वर्षं झाली, आणि सोळा हजारांच्या किटमध्ये ती धड देता येत नाही.

नुसती सैल क्लिप म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. तो जोड सेन्सरच्या पुढे आहे. तिथून आत शिरणारी हवा सेन्सरने मोजलेली नसते आणि फिल्टरने गाळलेलीही नसते. मेट्रो ४ च्या कामापायी घोडबंदर रोडवर किती धूळ आहे ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. ती फुकटात सिलिंडरमध्ये.

दुकानात गेलो. ठाणे-बेलापूर रोडने कळवा, ऐरोली, रबाळे, महापे असं करत तुर्भे, आठवड्याच्या मधल्या दिवशी, अर्धी रजा टाकून.

“साहेब, वॉरंटी पाइपाला आणि फिल्टरला. क्लिप कन्झ्युमेबल.”

“वायपर कन्झ्युमेबल असतो, ऑइल असतं. क्लिप कशी?”

“तुम्ही जास्त पिळली असेल.”

“तुमच्याच पोराने बसवली होती, मी हात लावलेला नाही.”

“बरं, दोन क्लिपांचे साठ रुपये द्या, आत्ता बसवून देतो.”

साठ रुपये दिले नाहीत. जाण्यायेण्याचं पेट्रोल त्याहून जास्त झालं हे मला कळतं, कृपया सांगू नका. येताना हार्डवेअरच्या दुकानातून आतून गुळगुळीत पट्टीच्या, पूर्ण स्टेनलेस क्लिपा घेतल्या. खिशात चुंबक होताच. दुकानदार बघतच राहिला.

तेव्हा माझं मत पक्कं होतं: किट उत्तम, क्लिपा फेकून द्या, विषय संपला.

इथून पुढचं नवरात्रात लिहितोय, आणि विषय संपलेला नाही.

क्लिपा बदलल्यावर फ्युएल ट्रिमचा (ईसीयू पेट्रोलमध्ये किती टक्के फेरफार करतोय त्याचा) वेग घेताना वर जाणारा आकडा खाली आला, पण लाँग टर्म ट्रिम अधिक दहाच्या खाली उतरेना. म्हणजे ईसीयू सतत दहा टक्के पेट्रोल पदरचं घालून सांभाळून घेतोय. शेवटी व्हर्निअर लावला. कंपनीच्या नळीचा आतला व्यास सेन्सरपाशी ६० मिमी, किटच्या पाइपचा ६३. तीन मिलिमीटरने काय होतं? क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं. तेवढीच हवा रुंद नळीतून हळू जाते, मॅफची गरम तार त्यामुळे कमी गार होते, सेन्सर हवा कमी सांगतो, ईसीयू पेट्रोल कमी सोडतो. आकडा अगदी जुळतो. एकच पाइप चार मॉडेलांना विकायचा म्हटल्यावर हे होणारच. आणि माझ्या बाथरूमच्या पाइपात सेन्सर कंपनीच्याच मापाच्या नळीत बसला होता. चार हजारांचा जुगाड या बाबतीत सोळा हजारांना भारी पडला.

उपाय पुन्हा वागळे इस्टेटमध्येच सापडला. एका लेथवाल्याने बाहेरून ६३, आतून ६० अशी ॲल्युमिनियमची बाही कातून दिली, सेन्सरसाठी खाच पाडून, पुढची कड उतरती करून. सहाशे रुपये. इपॉक्सीने चिकटवली आणि वर एक बारीक स्क्रू लॉक केला, कारण ती सटकली तर सरळ थ्रॉटलवर जाऊन बसेल. ट्रिम अधिक दोन-तीनवर आली. लेथवाल्याला विचारलं, “दादा, गंजणार नाही ना?” म्हणाला, “ॲल्युमिनियम आहे साहेब, स्क्रू तुमचा तुम्ही बघा.” स्क्रू चुंबकाने तपासलेला होता.

तेलकट कापडी फिल्टरबद्दल एकच. धुऊन परत तेल लावताना हात सैल सोडू नका, जास्तीचं तेल उडून मॅफच्या तारेवर बसतं. आणि बारीक धूळ अडवण्यात कंपनीचा साधा कागदी फिल्टरच सरस, हे कोणी कितीही रंगीत डबा दाखवला तरी.

पावसाचं मात्र मनावर घ्या. किटचा फिल्टर बंपरच्या आत खाली बसतो, हवा गार मिळते ती त्यामुळेच. जुलैच्या शेवटी वंदना टॉकीजच्या बाजूला पाणी साचलं होतं, पुढच्या रिक्षाचं चाक अर्धं बुडालेलं पाहिलं आणि गाडी मागे घेतली. फिल्टरचं तोंड पाण्यात गेलं तर इंजिन पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं, आणि तिथेही हा बदल पाहून कंपनी भांडायला मोकळी. गाडीत बदल करण्यावर बंधनं घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. दुसऱ्या दिवशी कंपनीचा एअर बॉक्स परत चढवला, किट माळ्यावर. घटस्थापनेच्या आसपास पुन्हा बसवलं, बाहीसकट.

हाताने करायची हौस आणि रविवार मोकळा असेल तर घरीच करा, फक्त सीपीव्हीसी घ्या आणि सेन्सरची नळी कंपनीचीच ठेवा. किट घेणार असाल तर दुकानात व्हर्निअर घेऊन जा आणि सेन्सरपाशी माप घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. हसतात, हसू द्या.

परवा त्या दुकानातून फोन आला होता, रिव्ह्यू टाका म्हणून, पाच स्टार दिले तर पुढच्या सर्व्हिसला दहा टक्के सूट. क्लिपांचं काय झालं विचारलं तर म्हणाला, साहेब, त्या आता आम्ही बदलल्यात, नवीन किटमध्ये चांगल्या येतात. जुन्या गिऱ्हाइकांना? “साठ रुपये.” तीन स्टार दिलेत.