सान सेबास्तियानो, रोम: ‘कॅटाकोम्ब’ हे मुळात या एकाच जागेचं नाव

रोमच्या आप्पिया अँटिका या प्राचीन रस्त्याच्या परिसरात तीन भुयारी दफनभूमी, म्हणजे कॅटाकोम्ब, लोक प्रामुख्याने पाहतात. भित्तिचित्रांसाठी दोमितिल्ला आणि तिसऱ्या शतकातल्या पोपांच्या कबरींसाठी सान कालिस्तो बघावं. सान सेबास्तियानो या दोघींपेक्षा साधी वाटते, पण ‘कॅटाकोम्ब’ हा शब्द कुठून आला हे समजून घ्यायचं असेल तर हीच निवडा.

इथे पोझोलाना नावाच्या ज्वालामुखीय मातीची खाण होती. त्या खळग्यावरून जागेला ‘अ‍ॅड काताकुंबास’ म्हणू लागले. ग्रीक ‘काता’ म्हणजे जवळ किंवा खाली आणि ‘किंबे’ म्हणजे खोलगट भांडं, होडी. ‘खळग्यांजवळ’ हा अर्थ सर्वाधिक मानला जातो, मात्र वाद मिटलेला नाही. ‘किंबे’ वाचून आपल्याला ‘कुंभ’ आठवतो, आणि जुन्या संस्कृत कोशांनी हे दोन शब्द शेजारी मांडलेही आहेत. नातं मात्र सिद्ध झालेलं नाही, तेव्हा त्यावर इमले नकोत. इसवी सन ३५४ च्या रोमन पंचांगात येशूचा शिष्य संत पीटर याचा स्मरणदिन ‘इन काताकुंबास’ असा नोंदलेला आहे. तिथे हे निव्वळ ठिकाणाचं नाव आहे. नवव्या शतकात नेपल्सच्या भुयारी दफनभूमीलाही तो शब्द लागला आणि पुढे अशा सगळ्याच जागांना. आरंभीचे ख्रिस्ती स्वतः ‘कोइमेतेरिऑन’ म्हणत, म्हणजे झोपण्याची जागा. इंग्रजी ‘सिमेटरी’ त्यातूनच आला.

भुयारात एकट्याने फिरता येत नाही, मार्गदर्शकासोबतच जावं लागतं. पूर्ण तिकीट १० युरो, त्यात मार्गदर्शक आला. फेरी साधारण ३०-४० मिनिटांची. मराठी-हिंदीची सोय नाही, इंग्रजी गट मागून घ्यावा. गट भरभर पुढे सरकतो, म्हणून कुठे थांबायचं ते आधीच ठरवून जा.

पहिली जागा पियाझुओला. खाणीच्या तळाशी एक छोटं आवार आहे आणि त्यात विटांच्या दर्शनी भिंतींची तीन बिगरख्रिस्ती थडगी. तिसऱ्या शतकाच्या मध्यास ती मातीखाली बुजवली गेली, म्हणूनच त्यांचं गिलाव्याचं नक्षीकाम इतकं शाबूत आहे. खळगा म्हणजे नेमका कोणता, हे इथे उभं राहिलं की कळतं. गटाच्या शेवटी राहा, म्हणजे मान वर करून बघायला दोन मिनिटं जास्त मिळतात.

दुसरी जागा त्रिक्लिया, बुजवलेल्या खळग्यावर बांधलेला मंडप. इथे लोक मृतांच्या नावाने जेवत आणि भिंतीवर खरडून ठेवत. पीटर आणि पॉल यांना उद्देशून लॅटिन-ग्रीकमध्ये शेकडो ओळी आहेत. एकाने तर आपण जेवण घातल्याचं नावासकट नोंदवलंय. अक्षरं बारीक आणि पुसट आहेत. ती नीट वाचायला ही फेरी अगदीच अपुरी, आणि फोटोला बंदी, त्यामुळे नंतर घरी वाचू म्हणायचीही सोय नाही.

बाकी गॅलऱ्या अरुंद असतात, भिंतीत एकावर एक खोदलेले कोनाडे. बघण्याच्या भागात हाडं नाहीत. कवट्यांच्या राशी डोक्यात असतील तर ते पॅरिस; तिथल्या दगडखाणींत १७८६ पासून शहरातल्या दफनभूमींतली हाडं हलवली आणि नाव रोमकडून उसनं घेतलं. रोमन राजवटीने केलेल्या छळाच्या काळात ख्रिस्ती इथे लपून राहत, हेही सोडून द्या. शहराच्या हद्दीत पुरायला रोमन कायद्याने बंदी होती, म्हणून रोमच्या दफनभूमी रस्त्यांच्या कडेला वेशीबाहेर गेल्या. टुफा दगड खणायला मऊ आणि हवा लागली की घट्ट होतो, म्हणून त्या खोलही जाऊ शकल्या.

खाली बाराही महिने १५ अंशांच्या आसपास थंडावा असतो, त्यामुळे उन्हाळ्यातही अंगावर घ्यायला काही न्या. पायऱ्या बऱ्याच आणि वाट उंचसखल आहे. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेची भीती असेल तर ही फेरी टाळा. ११८ क्रमांकाची बस जवळ सोडते. तिन्ही जागा एकाच दिवशी करायच्या असतील तर मंगळवारी दोमितिल्ला आणि बुधवारी सान कालिस्तो बंद असते, हे बघून दिवस ठरवा. वेळ उरलाच तर वरच्या चर्चमधला, शिल्पकार बेर्निनीचा मानला जाणारा ख्रिस्ताचा अर्धपुतळा चुकवू नका.

शब्दाच्या ओढीने येणाऱ्याला पाचपैकी चार. एक कापला तो त्रिक्लियासमोर मिळणाऱ्या तुटपुंज्या वेळासाठी.