कॉमिकवर मालिका काढतो म्हणाला आणि हक्कच लिहून घेतले

स्वतःच्या खर्चाने कॉमिक छापणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. मला फसवणारा माणूस अजूनही नवे चित्रकार गाठतो आहे आणि त्याची पद्धत ठरलेली आहे.

माझं कॉमिक कोकणातल्या एका दशावतारी कलाकाराच्या मुलीचं. मीच लिहिलेलं, मीच काढलेलं. मुंबईतल्या एका प्रदर्शनात हा गृहस्थ माझ्या टेबलाशी आला, सगळे अंक विकत घेऊन गेला आणि काही दिवसांनी त्याचा फोन आला. "मॅडम, यात सीरिजचं मटेरियल आहे. एका ओटीटीशी माझं बोलणं चालू आहे." अंक त्याने खरंच वाचले होते. नायिका डावखुरी आहे, वडिलांचा मुकुट ती कधीच डोक्यावर चढवत नाही, हे तो आपणहून बोलला. कुणी इतकं बारकाईने वाचलंय म्हटल्यावर चित्रकाराचं काळीज सुपाएवढं होतं. आपण त्या आनंदाच्या भरात असतानाच तो कराराचा कागद पुढे करतो.

प्लॅटफॉर्मला दाखवायला टीझर आणि सीरिज बायबल (म्हणजे मालिकेची कथा, पात्रं यांची सविस्तर मांडणी) लागतं, खर्च साडेतीन लाख, निम्मा त्याचा, निम्मा माझा, आणि ओटीटीशी करार झाला की माझे पैसे पहिल्या हप्त्यात परत, असं ठरलं. पावणेदोन लाख दिले, लेयरसकट मूळ फायलीही दिल्या. मग ओटीटी कंपनीच्या नावाने ईमेल आला, प्रकल्प तत्त्वतः मंजूर आहे, कायदेशीर तपासणीचे साठ हजार भरा. त्या ईमेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावाला एक जादा शब्द चिकटवलेला होता. हे पैसे मी भरले नाहीत. कंपनीच्या तपासणीचा खर्च लेखिकेने का करायचा?

टीझर आला तेव्हा उरलीसुरली शंका फिटली. माझ्याच चौकटी कापून त्यांवर कॅमेरा सरकवला होता. एक चौकट तर सरळ उलटवलेली. डावखुरी नायिका उजव्या हाताने मशाल धरून उभी आणि मागच्या एसटीवरची 'सावंतवाडी' ही पाटी आरशात दिसावी तशी उलटी. धावण्याचं एकच ॲनिमेशन होतं, तेही तयार विकत मिळणारं, वर माझ्या पात्राचा चेहरा डकवलेला.

पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण त्याने माझी सही घेतलेल्या करारात जे होतं ते जास्त भयंकर. 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी', मोबदला एक रुपया. म्हणजे पुढचा अंक काढायलाही मला त्याची परवानगी लागणार. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा खरं तर लेखक-चित्रकाराच्या बाजूने बराच उभा राहतो. हक्कांच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम १९(४) प्रमाणे घेतलेले हक्क वर्षभर वापरलेच नाहीत तर ते परत येतात, मात्र करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. माझ्या करारात बाराव्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'कलम १९(४) लागू राहणार नाही.' अशी ओळ मोठ्या कंपन्यांच्या करारांतही असते, म्हणून ती वकिलाला दाखवल्याशिवाय सोडू नका. सुपरमॅन घडवणाऱ्या जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरना दिले, ते याच प्रकारच्या कागदावर सही करून.

मालिकेचा खरा निर्माता आधी ऑप्शन घेतो, म्हणजे ठरावीक काळात हक्क विकत घेण्याची मुभा. वर्ष-दीड वर्षाची मुदत, आणि त्या मुदतीबद्दल तो आपल्याला पैसे देतो. तेवढ्यात मालिका उभी राहिली नाही तर हक्क आपल्याकडेच राहतात. छापील अंक, पुढचे भाग, खेळणी यांचे हक्क वेगळे लिहून राखून ठेवता येतात. टीझरचा खर्च त्याचा. जो कथा विकत घ्यायला येतो आणि कथाकाराकडेच पैसे मागतो, त्याला त्याच क्षणी नाही म्हणा, मग त्याने तुमचे अंक कितीही प्रेमाने वाचलेले असोत.

माझ्या वकिलांनी भारतीय करार कायद्याच्या कलम १९ खाली, फसवणुकीने संमती घेतल्याच्या कारणावरून, करार रद्द केल्याची नोटीस पाठवली आहे. त्या माणसाने अजून उत्तर दिलेलं नाही. खोट्या ईमेलची तक्रार सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर केली. पैसे ऑनलाइन गेले असतील तर या क्रमांकावर पहिल्या काही तासांतच फोन करा, बँकेत रक्कम अडवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

करारात एका ठिकाणी माझ्या नायिकेऐवजी दुसऱ्याच पात्राचं नाव राहून गेलं होतं. विचारलं तर "टायपिंग मिस्टेक" म्हणाला. ते नाव शोधत शोधत मी बेळगावच्या एका तरुण चित्रकारापर्यंत पोहोचले. त्याचे नव्वद हजार गेले आहेत आणि त्याच्या टीझरमध्येही तेच धावणं आहे. आता आम्ही दोघे मिळून पोलिसांत तक्रार देतो आहोत. असा एक रुपयाचा करार किंवा असा टीझर तुमच्याकडेही असेल तर तो पुसू नका, ईमेल आणि बँकेच्या नोंदींसह जपून ठेवा.