टँकर सुटण्याआधीची फुंकर: श्वास तपासायच्या यंत्राचा दीड वर्षाचा अनुभव

आमचे सहा टँकर आहेत. सांगली जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीतून इथेनॉल भरायचं आणि पुण्याजवळ लोणी काळभोरच्या तेल डेपोत उतरवायचं, हा वडिलांनी सुरू केलेला धंदा आता मी बघते. चालकांचा श्वास तपासायला दीड वर्षापूर्वी फ्युएल सेलचं यंत्र घेतलं, साडेतेरा हजारांना. त्याआधी अठराशेचं एक वापरून पाहिलं होतं. कंपन्यांची नावं लिहीत नाही. मला सांगायचंय ते यंत्राच्या जातीबद्दल.

आधी स्वस्त यंत्राचं सांगते, कारण त्यानं एका भल्या माणसाला दुखावलं.

आमच्या सगळ्यात जुन्या चालकांना सगळे मामा म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी कधी चुकली नाही, दारूला आयुष्यात हात लावलेला नाही. यंत्र नवीन, म्हणून पहिली फुंकर त्यांचीच घेतली. आकडा आला 38; कायद्यानं 30 पेक्षा जास्त चालत नाही. मामा काही बोलले नाहीत. किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. अर्ध्या तासानं ऑफिसात पुन्हा घेतली तर शून्य. झालं होतं असं, की मामा नुकतेच टाकीवर चढून डिप रॉडनं माल मोजून उतरले होते, आणि मी यंत्र तिथेच, लोडिंगच्या शेजारी त्यांच्या तोंडाशी धरलं होतं. हातांना, शर्टाला इथेनॉलची वाफ. ही चूक माझी, यंत्राची नाही. महागडं यंत्रही तिथे आकडा दाखवणारच, कारण हवेत खरंच अल्कोहोल असतं. मी मामांची सगळ्यांसमोर माफी मागितली. तेव्हापासून नियम एकच: तपासणी ऑफिसात, हात धुऊन, चूळ भरून, वीस मिनिटं काही न खातापिता बसल्यानंतर. माउथवॉशनं गुळण्या केल्या किंवा खोकल्याचं औषध घेतलं तरी तोंडात अल्कोहोल राहतं, ते उडून जायला तेवढा वेळ लागतो.

पण स्वस्त यंत्राची स्वतःची खोडही आहेच. त्यात टिन ऑक्साइडचा सेन्सर असतो आणि त्याला अल्कोहोलशिवाय इतर वाफाही लागू पडतात. बिडी ओढून आलेल्याचा आकडा चढायचा. मधुमेह हाताबाहेर गेलेल्या माणसाच्या श्वासात ॲसिटोन येतं, त्यानंही तो फसू शकतो. तीन महिन्यांत तर एकाच माणसाचे पाठोपाठ दोन आकडे जुळेनासे झाले. माणसाच्या रोजीचा प्रश्न अशा यंत्रावर सोडता येत नाही.

फ्युएल सेलच्या यंत्रात प्लॅटिनमचा मुलामा असलेली छोटी चकती असते. श्वासातलं अल्कोहोल त्यावर आलं की त्याचं ॲसिटिक ॲसिड होतं, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, आणि त्यातून वीज निघते. जितकं अल्कोहोल, तितकी वीज. बिडीचा धूर आणि ॲसिटोन यांना ते दाद देत नाही. नळी लावायची, चार-पाच सेकंद सलग फुंकायचं, फुप्फुसाच्या तळची हवा आली की टक् असा आवाज होतो. आधी नुसत्या हवेची चाचणी करून शून्य दाखवतं, मगच फुंकायला सांगतं. मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच.

घेताना एकक मात्र नीट बघा. आमच्याकडे आलं तेव्हा ते श्वासाच्या एककावर होतं, एक लिटर हवेत किती मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 रक्ताच्या भाषेत बोलतं: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. श्वासाच्या एककात तेच साधारण 0.14 होतं. पहिल्याच आठवड्यात 0.12 बघून मी ‘काहीच नाही’ म्हणणार होते, प्रत्यक्षात माणूस मर्यादेच्या काठावर होता. सेटिंगमध्ये जाऊन रक्ताचं एकक लावून घेतलं, तेव्हापासून घोळ नाही.

या यंत्रानं आमच्याकडे काय बदललं, ते एका सकाळच्या हिशोबातून सांगते. गाडी साडेपाचला सुटायची होती. चालक अंघोळ करून, चहा घेऊन, ताजातवाना आलेला. बोलणं स्वच्छ, चाल सरळ, तोंडाला वास नाही. आकडा 46. तो म्हणाला, “ताई, रात्री पाहुण्यांबरोबर बसलो होतो, पण सकाळपासून थेंब नाही घेतला.” खरंच बोलत होता. साडेसातला पुन्हा फुंकलं तर 17, नऊला शून्य. शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅम उतरवतं. अंघोळ, चहा, लिंबूपाणी, कशानंही तो वेग वाढत नाही. रात्री बाराला 150 असलेला माणूस सकाळी सहाला झोप झाल्यावरही 60 वर असतो, कायद्याच्या दुप्पट. पूर्वी आम्ही तोंडाचा वास घ्यायचो. त्या सकाळी वासावर विसंबले असते तर गाडी सोडली असती.

ती गाडी कुठे गेली असती ते डोळ्यांसमोर आणा. खंबाटकीचा बोगदा संपला की पुण्याच्या बाजूला ते कुप्रसिद्ध एस वळण येतं. टाकीत हिंदकळणारा माल, तोही 99.5 टक्क्यांच्या वर शुद्ध, ठिणगीला टपलेला.  तीस मिलिग्रॅमची मर्यादा कायद्याची झाली. आमची मर्यादा शून्य. नऊला शून्य आल्यावर त्या चालकाला दुसरी खेप दिली, भत्ता कापला नाही. कापला असता तर पुढच्या वेळी तो खरं बोलला नसता.

2019च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे चालकांना माहीत असतं. पण नाक्यावर चालतो तो पोलिसांच्या यंत्राचा आकडा. आपल्या यंत्रावर शून्य आलं म्हणून तिथे वाद घालता येत नाही.

एक गोष्ट नवीन चालकाला मी पहिल्याच दिवशी सांगते आणि इथेही लिहिते. हे यंत्र इथेनॉल आणि त्याचा विषारी भाऊबंद मिथेनॉल वेगळं ओळखत नाही, दोन्हीला आकडा देतं. 2015 साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलच्या दारूनं. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि डोळे जातात. टँकरच्या नळाखाली ग्लास धरणारा माणूस आत काय मिसळलंय हे जाणत नसतो. कोणाच्या आकड्याचा हिशोब लागत नसेल, वर डोळ्यांसमोर धुरकट दिसत असेल किंवा पोटात दुखत असेल, तर विचारपूस करत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.

तक्रारी आहेत. कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचा आकडा बरोबर येतो ना हे तपासून जुळवणं, वर्षातून एकदा तरी करावंच लागतं, आणि त्यासाठी यंत्र दुसऱ्या शहरात पाठवावं लागलं. 23 दिवस हातात नव्हतं. फोन केला की “दोन दिवसांत” हेच उत्तर. ते 23 दिवस आम्ही पुन्हा वासावर काढले आणि मला एकही रात्र धड झोप लागली नाही. दमा असलेल्या एका चालकाला पाच सेकंद सलग फुंकता येत नाही, तीन-तीनदा एरर येतो. बिचारा ओशाळतो. डिसेंबरच्या पहाटे यंत्र गरम व्हायला बराच वेळ घेतं, म्हणून ते मी रात्री घरातच ठेवते. स्क्रीन उन्हात दिसत नाही.

तरी घ्या. दोनपेक्षा जास्त चालक असतील तर फ्युएल सेलचंच, आणि जमलं तर दोन घ्या, म्हणजे एक कॅलिब्रेशनला गेलं तरी गाड्या तपासूनच सुटतील. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: कॅलिब्रेशन कुठे होतं, किती दिवसांत होतं, आणि सुट्या नळ्या कितीला पडतात. नळी प्रत्येकाला नवी द्या, पुसून पुन्हा वापरू नका. मी दुसरं यंत्र मागवलंय, या आठवड्यात येईल. पहिली फुंकर मामाच मारणार आहेत, त्यांनी स्वतःहून सांगितलंय.